हसता शॉट

भाई मेले ते दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी आणि पहिल्याच टेकला. वर छताला टांगलेल्या तराफ्यावर बसलेल्या लाइटवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

भाई म्हणजे माझे वडील, मोरेश्वर वेलकर. जन्मभर साउंड रेकॉर्डिस्ट. कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे आवाज ऐकायचे हेच त्यांचं काम. कॅमेऱ्यासमोर ते कधी फिरकले नव्हते. पण आमच्या कुमुद स्टुडिओच्या शेवटच्या हिंदी चित्रपटात म्हाताऱ्या ठाकूरचं काम करणारा नट ऐन वेळी मद्रासला निघून गेला, आणि मी भाईंनाच पांढऱ्या मिशा लावून पलंगावर झोपवलं. संवाद एकच होता, "बेटा, दरवाज़ा खुला रखना." भाईंनी तो अशा थाटात म्हटला की हवेलीचा दरवाजा गिरगावातल्या एखाद्या खोलीचा वाटावा. पण डोळे मिटले ते मात्र झकास मिटले.

"कट!" मी ओरडले. दिग्दर्शक दुसऱ्या शूटिंगला पळाला होता, म्हणून उरलेसुरले शॉट मी उरकत होते. एरवी मी एडिटर, दुसऱ्यांनी घातलेला पसारा निस्तरणारी. "चला, आता हसता शॉट घेऊ आणि सुटू."

हसता शॉट ही आमच्या घरची रीत. माझे आजोबा बापूसाहेब यांनी स्टुडिओ काढला तेव्हापासूनची. पडद्यावर ज्याला मरण आलं त्याने त्याच जागी, त्याच कपड्यांत उठून बसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. त्याचा आवाज घेत नसत आणि चित्रपटात तो शॉट कधी लागत नसे. पण मेलेला माणूस तसाच घरी धाडायचा नाही, आणि तो हसल्याशिवाय सेटचा एक खिळाही उपटायचा नाही. आमच्याकडे नायक हसले, खलनायक हसले, गोळी लागून पडलेले अख्खे दरोडेखोर एका रांगेत बसून हसले. एकदा एक घोडा मेला होता, म्हणजे कथेत. तो काही हसेना, तेव्हा त्याच्या मालकाला शेजारी उभं करून हसवलं होतं.

भाई हसणार नाहीत असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

घाई मला होती, आणि तिला कारणही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या चाव्या द्यायच्या होत्या. तिथे इमारती उठणार होत्या. दोन्ही भावांनी, भाईंनी आणि दिनूकाकांनी, सह्या केल्या होत्या आणि जागा रिकामी करून देण्याचा शब्द मी दिला होता. दोन नंबरचा फ्लोर आधीच ओसाड झाला होता. राहिली होती ही एक प्लायवूडची हवेली. भिकू मेस्त्री आणि त्याची माणसं हातोड्या घेऊन खांबांना टेकून उभी होती. आणि खरं सांगायचं तर मलाही सुटायचं होतं.

कशातून, तेही सांगते. भाई आणि दिनूकाका एकमेकांशी बोलत नसत. भांडत नसत, शिव्या देत नसत, नुसते बोलत नसत. एक आवाज सांभाळायचा, दुसरा कॅमेरा. राहायचे एकाच बंगल्यात, एक वर आणि एक खाली. दोघांच्या मधोमध मी. "त्याला सांग, लाइट उजवीकडून घे." "त्याला विचार, माइक खाली का आलाय." माझ्या आधी हे काम आई करायची. ती गेली आणि ते माझ्या गळ्यात आलं. अबोला कशावरून, याबद्दल कोणी ताकास तूर लागू देत नसे. कोणी म्हणे दोन नंबरच्या फ्लोरवरून, कोणी म्हणे कँटीनच्या ठेक्यावरून. मी विचारलं की दोघांचं उत्तर एकच, "तू तुझं काम बघ." म्हणजे निरोप पोचव.

"काका, रेडी?"

"चालू," दिनूकाका कॅमेऱ्यामागून म्हणाले.

आवाज घ्यायचा नव्हता, म्हणून कॅमेऱ्यावरचं जाड वेष्टण काढून ठेवलं होतं. कॅमेरा खडखडायला लागला. भाई उठून बसले. कॅमेऱ्याकडे पाहिलं. मान किंचित तिरकी केली. ओठ हललेसुद्धा नाहीत.

"भाई, हसा."

भाई परत आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. "नाही जमत. आणखी एकदा घे."

आणखी एकदा घेतला. मग आणखी एकदा. मेकअपवाल्याने नकला केल्या. लाइटवाल्याने वरून एक चावट चुटका सांगितला, तो ऐकून अख्खा फ्लोर हसला आणि मी लाजले. भाई मात्र दर वेळी उठायचे, मान तिरकी करायचे, क्षणभर थांबायचे आणि पुन्हा पडायचे.

"मिशा टोचतायत का?"

"नाही."

"मग?"

"आणखी एकदा घे म्हटलं ना."

जेवणाची सुट्टी झाली. भाई पलंगावरून उतरले नाहीत. मी डबा तिथेच नेला. घरून कोबीचं भानोलं आलं होतं, त्यांचा जीव की प्राण. त्यांनी एक फोड खाल्ली आणि बाकीची माझ्याकडे सरकवली. काका स्टुलावर, कॅमेऱ्याला टेकून जेवले. त्यांचा असिस्टंट कॅमेरा पुसायला गेला तर ते त्याच्यावर खेकसले, "हात नको लावू!" दिनूकाका कोणावर खेकसणारे नव्हते. पण त्या दिवशी माझं कुठेच लक्ष धड नव्हतं.

दुपारनंतर इमारतवाल्यांचा माणूस आला. पांढरे बूट, काखेत नकाशाची गुंडाळी. हवेलीचे खांब त्याने बोटाने वाजवून पाहिले.

"हे अजून उभंच?"

"तासाभरात आडवं होईल," मी ठोकून दिलं.

"आणि हे?" त्याने पलंगाकडे बोट केलं.

"ते माझे वडील. ते पण उठतील."

तो गेला तशी मी भिकू मेस्त्रीकडे वळले. "मेस्त्री, मागच्या भिंतीपासून सुरुवात करा. शॉटमध्ये ती दिसत नाही."

मेस्त्रीने हातोडी खांद्यावरून खाली घेतली आणि जमिनीवर ठेवली. "तायनू, भाय अजून हसले नाय. मगे आमी हातोडो कसो मारूचो?"

"अहो, ते जिवंत आहेत! आत्ता भानोलं खाल्लं त्यांनी!"

"खाल्ल्यानी म्हणून काय झाला? शॉट खंय झालो?" आणि तो खाली बसला. त्याच्या मागोमाग त्याची सगळी माणसं बसली.

मी हात टेकले. फ्लोरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिले. वायरींना अडखळले. दाराशी जाऊन बाहेर पाहिलं, उन्हं कलायला लागली होती. परत येऊन पाहिलं, भाई छताकडे बघत पडले होते. हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला, निदान मला तेव्हा तसं वाटलं. भाई हसत नाहीत तोवर सेट मोडत नाही. सेट मोडत नाही तोवर चाव्या जात नाहीत. म्हातारा मुद्दाम अडून बसला होता.

माझा पारा चढला. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि आवाज खाली ठेवून म्हटलं, "भाई, सही करताना कोणी तुमचा हात धरला होता का?"

"नाही."

"मग आता हे कसलं नाटक? द्यायचा नव्हता स्टुडिओ तर तेव्हाच सांगायचं. माझा शब्द गेला तर चालेल तुम्हाला?"

भाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भलत्याच भाषेत बोलतेय. "स्टुडिओचा इथे काय संबंध?"

"मग हसत का नाही?"

"हसायला तयारच आहे मी. जेवणाआधीपासून तयार आहे. आणखी एकदा घे."

पलीकडून काका म्हणाले, "हेमा, त्याला सांग, लवकर आटप म्हणावं. ऊन जायच्या आत मला बाहेर फाटकावर जायचंय."

"फाटकावर काय आहे?"

"आहे माझं काम."

मी पुन्हा हाक दिली. कॅमेरा खडखडला. भाई उठले. मान तिरकी झाली. या वेळी मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते, म्हणून मला नीट दिसलं. ते कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. ते कान देऊन ऐकत होते. हेडफोन लावून एखादी खरखर शोधताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

भाईंनी मिशा ओढून काढल्या.

"हेमा, त्याला सांग, कॅमेरा रिकामा आहे."

मला आधी कळलंच नाही. पण सवयीने मी वळले आणि पाच पावलांवर उभ्या असलेल्या काकांना म्हटलं, "काका, भाई म्हणतात कॅमेरा रिकामा आहे."

काकांनी कॅमेरा बंद केला. त्यांचा हात त्याच्या दारावरच राहिला.

"त्याला विचार, कशावरून."

"त्याला सांग, फिल्म चालत असली की आत बारीक सरसर होते. नवं कापड ओढल्यासारखी. रिकाम्या कॅमेऱ्यात नुसती चाकांच्या दातांची खटखट. दुपारपासून खटखटच ऐकतोय मी."

मी निरोप सांगितला. काकांनी तो आधीच ऐकला होता, तरी मी सांगेपर्यंत ते थांबले.

"त्याला विचार, हे त्याला कधीपासून कळतं."

भाई मिशीचा एक केस बोटांवर गुंडाळत बसले.

"त्याला सांग, माईच्या वेळेपासून."

माई म्हणजे माझी आजी, कुमुद. तिच्याच नावाने आजोबांनी स्टुडिओ काढला होता. मी तिला पाहिलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ती गेली, भाई आणि काका तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. हिंदी चित्रपटांत ती आईची कामं करायची आणि प्रत्येक चित्रपटात मरायची, हे मला माहीत होतं. तिचे हसते शॉट मी गोदामात शोधले होते. शेवटच्या चित्रपटातला तेवढा कधी सापडला नव्हता.

मी काकांकडे वळले. काकांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की हा माणूस आता खाली बसणार असं मला वाटलं. आणि तो बसलाच, कॅमेऱ्याच्या लाकडी खोक्यावर.

"त्याला विचार..." काकांनी सुरुवात केली.

"मी नाही विचारणार!" मी किंचाळले. "मला तुम्ही दोघांनी काय टपालपेटी समजून ठेवलंय? पाच पावलांवर आहात एकमेकांच्या! आधी आईचा जन्म गेला यात, आता माझा चाललाय. काय विचारायचं ते आपल्या तोंडाने विचारा!"

भिकू मेस्त्री जमिनीकडे बघत होता.

"तुला तेव्हा कळलं होतं?" काका म्हणाले. माझ्याकडे न बघता.

भाई पलंगावरून पाय खाली सोडून बसले. "तेव्हाच. मी आवाजाच्या खोलीत होतो. दार उघडं होतं."

"बापूसाहेबांनी सांगितलं होतं रे मोरू. लढाईपायी कच्ची फिल्म मिळत नव्हती. म्हणाले, हसण्यावर कशाला फुकट घालवायची? रिकामाच फिरव, तिला काय कळतंय." काकांनी तळहातांनी तोंड पुसलं. "आणि माई हसली. काय हसली! शॉट झाल्यावर मला म्हणाली, दिनू, नीट आले ना मी? मी म्हटलं, हो."

"ते पण ऐकलं मी."

"आणि दिवाळीच्या आधी ती गेली."

"तापाने गेली दिनू. फिल्म नव्हती म्हणून कोणाला ताप येत नाही, एवढं मला कळतं."

"मग माझ्याशी बोलायचं का टाकलंस?"

"मी कुठे टाकलं? तू माझ्यासमोर उभा राहायचा बंद झालास."

"मला वाटलं, तुला कळलंय आणि तू मला माफ करणार नाहीस."

भाईंनी मान हलवली. "उठून दोन शब्द बोलायचे होते मला. बापूसाहेब, फिल्म भरा. एवढेच. त्यांच्यासमोर माझी जीभ उचलली नाही. तुला तर हुकूम होता, मला कोणाचा हुकूम होता? कोणत्या तोंडाने तुझ्याशी बोलणार होतो मी?"

मी तिथेच वायरींच्या गुंडाळीवर बसले. फ्लोर नाही, कँटीन नाही. दोघेही दुसऱ्याला आपला राग आहे असं धरून आयुष्य काढून बसले होते, आणि राग कोणालाच नव्हता. मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं आणि रडूही आलं.

"आज कोणी सांगितलं होतं तुला रिकामा फिरवायला?" भाईंनी विचारलं.

"कोणी नाही." काकांनी पिशवीतून एक चपटा डबा काढला, चिकटपट्टीने बंद केलेला. "फिल्म संपली. एवढा तुकडा राहिलाय. फाटकासाठी ठेवला होता. वर माईचं नाव आहे ना, ते उद्या खाली येणार. म्हटलं, एकदा घेऊन ठेवावं. हसता शॉट काय, नुसती रीत. तुला कळेल असं वाटलं नाही."

भाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर उन्हाची तिरीप फाटकापर्यंत पोचली होती, कमानीवरची अक्षरं इथूनही दिसत होती.

"जा मग. ऊन आहे अजून. माझं राहू दे."

काका उठले. मला वाटलं, ते बाहेर जाणार. त्यांनी उजेड न शिरणारी काळी कापडी पिशवी घेतली, डबा आणि कॅमेऱ्याचं फिल्म भरायचं मॅगझिन तिच्यात सरकवलं, दोन्ही हात बाह्यांतून आत घातले आणि डोळे मिटून चाचपडत फिल्म भरायला लागले. असिस्टंट मदतीला पुढे झाला, त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. म्हाताऱ्या बोटांना वेळ लागत होता. भाई त्या पिशवीकडे बघत होते, माझं लक्ष दाराकडे होतं. उन्हाची तिरीप कमानीवर चढली आणि नावावरून निघून गेली.

"झोप," काका म्हणाले. "मेलेल्या माणसाने आधी झोपायचं असतं."

भाई आडवे झाले. मी त्यांच्या मिशा परत चिकटवल्या, एक बाजू जरा वाकडी बसली.

कॅमेरा सुरू झाला. आता मलाही कळलं. खडखडाटाच्या आत एक बारीक सरसर होती. भाई उठून बसले, मान तिरकी केली, ऐकलं. मग त्यांचा चेहरा आपोआप सैल झाला आणि ते हसले. आधी नुसते ओठ, मग गाल, मग खांदे हलायला लागले. वाकडी मिशी सुटून त्यांच्या मांडीवर पडली, तिच्याकडे बघून ते आणखी हसले. इतके की डोळे पुसावे लागले.

तो तुकडा माझ्याकडे आहे. पुढे भाई गेले, पाठोपाठ काकाही गेले. फाटकाचं चित्र कोणाकडेच नाही. मी तो तुकडा अधूनमधून लावते. त्यात आवाज नाही, तरी मला सगळं ऐकू येतं.

फिल्म संपली. त्या संध्याकाळी सरसर थांबून नुसती खटखट उरली. दोन्ही म्हाताऱ्यांनी ती एकदमच ऐकली. काकांनी कॅमेरा बंद केला.

भाई पलंगाच्या काठावर बसून श्वास आवरत होते. "दिनू," ते म्हणाले, "नीट आलो ना मी?"

काकांनी उत्तर द्यायच्या आधी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी झटकन पाठ फिरवली आणि म्हटलं, "मेस्त्री, चला, उचला हातोड्या."

मेस्त्री उठला. पहिला घाव पडायच्या आत माझ्या मागून काकांचा आवाज आला.

"आलास रे मोरू. नीट आलास."